नव्वद पूर्वेचं वेळापत्रक

बंगालच्या उपसागरात ९० अंश पूर्व रेखांशावर, १५, १२ आणि ८ अंश उत्तरेला एकेक बोया नांगरून ठेवलेला आहे. पुण्यात बसून मान्सूनवर काम करताना हे तीन बोये म्हणजे माझ्यासाठी तीन फायली होत्या. वाऱ्याचा वेग, हवेतली आर्द्रता, पाण्याचं तापमान, क्षारता. ओळीने भरलेले रकाने आणि मधेच काही कोऱ्या जागा. त्या कशा भरून काढायच्या हे मला शिकवलं होतं. त्या कशामुळे पडतात हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. मग या बोयांच्या देखभालीसाठी चेन्नईहून जहाज निघायचं ठरलं आणि आखणीच्या गटात मला घेतलं. पहिल्या बैठकीत मान्सून हा शब्दही कुणी उच्चारला नाही. सगळं बोलणं दोरावर, शॅकलवर आणि सूर्योदयावर.

सूर्योदयाचा संबंध मला कळेना. अंतराला वेगाने भागलं की वेळापत्रक तयार, असं मी धरून चालले होते. चेन्नई ते १५ उत्तर सुमारे ५८० सागरी मैल, जहाजाचा वेग ताशी दहा सागरी मैल, म्हणजे ५८ तास. मोहिमेच्या प्रमुख असलेल्या मॅडमनी तक्ता पाहिला आणि विचारलं, “पोचतो तेव्हा उजेड असतो का गं?” जुना बोया वर घ्यायचा आणि नवा सोडायचा तो दिवसाउजेडीच. डेकवर काही टन वजन क्रेनला लटकत असताना आणि विंचवर किलोमीटरच्या किलोमीटर दोर गुंडाळला जात असताना अंधारात कुणाचा हात कुठे आहे ते दिसत नाही. सकाळी आठला निघालो तर संध्याकाळी सहाला पोचू आणि रात्र जागेवरच घालवू. संध्याकाळी सहाला निघालो तर पहाटे चारला पोचू, पुढे अख्खा दिवस हातात. तिथून १२ उत्तरेला १८० मैल, अठरा तास; म्हणून पहिल्या जागेवरून दुसऱ्या दिवशी दुपारी बारालाच हलायचं. पुढचा २४० मैलांचा टप्पा बरोबर एका दिवसाचा. मधल्या रात्री वाया जात नाहीत. त्या वेळात सीटीडी हे यंत्र तारेवरून खोल सोडून तापमान आणि क्षारता मोजतात, ठरावीक खोलीवरचं पाणी बाटल्यांत भरून आणतात, आणि बोयाची उपकरणं खरं बोलताहेत का ते त्या पाण्यावरून ताडून पाहतात.

निघायची वेळ मात्र आपल्या हातात नसते. बंदरात धक्का मोकळा हवा, पायलट हवा, इंधन आणि पाणी भरून झालेलं हवं. सहा तासांचा उशीर झाला की पोचायची वेळ पहाटे चारवरून सकाळी दहावर जाते, आणि तिथे एका दिवसाचं काम दोन दिवसांवर पसरतं. मी वेळापत्रकाचे इतके पर्याय काढले की शेवटी स्वप्नातही अठरा तास मोजत होते.

एवढा खटाटोप याच पाण्यासाठी का, हे आता मांडायला हवं. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती या नद्यांचं गोडं पाणी आणि वरून पडणारा पाऊस यांमुळे बंगालच्या उपसागराच्या वरच्या थरात मीठ कमी असतं. हा हलका थर खालच्या खाऱ्या, जड पाण्यात सहज मिसळत नाही. उन्हाची उष्णता वरच अडकून राहते आणि तीच चक्रीवादळांना आणि मान्सूनच्या ढगांना पोसते. उपग्रहाला पृष्ठभाग दिसतो. त्याखाली पन्नास मीटरवर काय चाललं आहे ते दिसत नाही. वादळ डोक्यावरून जात असताना तिथे थांबून मोजमाप करायला कुठलं जहाज जाणार? नांगरलेला बोया थांबतो.

प्रशांत महासागरात एल निनोवर नजर ठेवणारं बोयांचं जाळं १९९४ मध्येच पूर्ण झालं. हिंदी महासागरातलं ‘रामा’ नावाचं जाळं २००४ पासून विणायला घेतलं. मूळ आराखड्यात ४६ जागा. २००८ मध्ये भारत आणि अमेरिकेत करार झाला, त्यानंतर या जाळ्यासाठी भारतीय जहाजांचे दिवस नियमितपणे मिळू लागले. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेचे स्वतःचे बोये आहेत ते वेगळेच. पश्चिमेकडच्या जागा सोमाली चाच्यांमुळे वर्षानुवर्षं रखडल्या. २०२० मध्ये करोनामुळे जगभरातल्या मोहिमा थांबल्या आणि बोये वाट पाहत राहिले. एका बोयाची बेगमी साधारण वर्षभराची. त्यानंतर बॅटऱ्या संपतात, उपकरणांवर शेवाळ आणि बार्नेकलचे थर चढतात, दोर झिजतो.

दोराबद्दल मी सगळ्यात जास्त शिकले. वर फायबरग्लासचं तरंगतं कडं, त्यावर मनोरा, मनोऱ्यावर हवामानाची उपकरणं. त्याखाली सुमारे ७०० मीटर पोलादी तार. तिच्यावर ठरलेल्या खोलींवर तापमान आणि क्षारतेचे सेन्सर बसवलेले, आणि त्यांचं मोजमाप त्याच तारेतून वर पोचतं. त्याखाली नायलॉनचा दोर थेट तळापर्यंत. तळाशी रेल्वेची वापरून झालेली पोलादी चाकं एकावर एक बसवलेली, तो नांगर. नांगराच्या जरा वर एक कुलूप असतं, ते आवाजाच्या सांकेतिक खुणेने उघडतं. दोराची लांबी पाण्याच्या खोलीपेक्षा थोडी कमी ठेवतात, हे ऐकून मी गोंधळलेच. कमी का? तर नायलॉन ताणला जातो आणि बोया उलट्या पतंगासारखा घट्ट ताणून राहतो. त्यामुळे ६० मीटरवरचा सेन्सर खरोखर ६० मीटरच्या आसपास असतो. पण याचाच अर्थ असा, की खोली मोजण्यात चूक झाली किंवा नांगर उतारावर जाऊन पडला, तर बोया पाण्याखाली खेचला जाईल. म्हणून आधी तळाचा नकाशा करायचा, मग दोर कापायचा, आणि जोडायला जादा तुकडे बरोबर घ्यायचे. नांगर सर्वात शेवटी सोडतात, तोही ठरलेली जागा ओलांडून थोडं पुढे गेल्यावर, कारण बुडताना तो दोराच्या ओढीने मागे येतो. हे सगळं मॅडमनी मला कागदावर काढून दाखवलं. तो कागद मी जपून ठेवला आहे.

सामानाच्या याद्या, लिथियम बॅटऱ्यांची धोकादायक मालाची कागदपत्रं, बाहेरच्या संशोधकांच्या परवानग्या यांत आठवडे गेले. त्यावर इथे अधिक लिहीत नाही. दुसऱ्या देशाच्या सागरी हद्दीत संशोधन करायचं तर निदान सहा महिने आधी कळवावं लागतं, एवढं मात्र पुढच्या नवख्याने पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं.

खरी अडचण निघण्याच्या आधी आली. जहाजाचे दिवस कमी झाले. त्यांची दुसरीकडे गरज होती. तीनपैकी दोनच बोये करता येणार. १५ उत्तरेचा बोया चालू होता, पण बॅटरी उतरत आलेली. ८ उत्तरेचाही चालू. मधला, १२ उत्तरेचा, बरेच महिने गप्प.

मी म्हणाले, गप्प आहे तो राहू द्या. चालू आहेत ते दोन सांभाळू, म्हणजे त्यांची मालिका तुटणार नाही. मॅडम म्हणाल्या, “गप्प म्हणजे मेलेला नव्हे.” बोया उपग्रहाकडे पाठवतो ती मुख्यतः सरासरी. दर काही मिनिटांची बारीक नोंद उपकरणांच्या पोटात साठत असते. अँटेना तुटली तरी पाण्याखालचे सेन्सर नोंदी घेत राहू शकतात. वर्षभराचं मोजमाप तिथे लटकत असेल आणि दोर तुटला तर ते कायमचं गेलं. मी पुन्हा म्हणाले, पण ८ उत्तरेचा बोया ऐन पावसाळ्यात थांबला तर? त्याला उत्तर नव्हतं. थांबला तर थांबला. ८ उत्तर वगळायचं ठरलं. निर्णय मला समजला, पण पूर्ण पटला असं आजही म्हणणार नाही. फाइलमधली कोरी जागा अशीही तयार होते: टेबलाभोवती बसून, डोळसपणे. तिच्या शेजारी कारण लिहायची सोय हवी, असं मला मनापासून वाटतं.

१२ उत्तरेला पहाटे पोचलो तेव्हा बोया जागेवर होता, मनोऱ्यावरचं सगळं नाहीसं झालेलं. जहाजाचे बोसन रत्नागिरीकडचे, हर्णैचे. मी म्हटलं, “काका, हे कुणी केलं असेल?” ते म्हणाले, “ताई, खोल पाण्यात काहीही तरंगत असलं तरी मासा त्याच्या सावलीला जमतो. मासा आहे तिथे माणूस येणार. बोट बांधली, लाट आली, मनोरा गेला. कुणी सामान काढूनही नेतं.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. मच्छीमारांना मिळणाऱ्या वादळाच्या इशाऱ्यांना अशा मोजमापांचाही आधार असतो. हे किनाऱ्यावरच्या गावांत जाऊन सांगण्याचं काम चालतं, पण प्रत्येक बोटीपर्यंत ते पोचलेलं नाही. पुढच्या आखणीत या कामासाठी पैसे आणि माणसं धरायला हवीत, दोराइतकीच गरजेची म्हणून.

कुलपाला खूण पाठवली. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. तीन किलोमीटर खाली जाऊन उत्तर यायला चार सेकंद. उत्तर आलं. तळावरचा नांगर तळावरच राहिला, दोर सैल पडला आणि विंच सुरू झाला. वरचे दोन सेन्सर हरवले होते. बाकीच्यांमध्ये नोंदी होत्या, अगदी वादळाच्या दिवसांच्याही. दुपारपर्यंत डेक धुऊन नवा बोया सोडायची तयारी झाली. मी बार्नेकल खरवडत होते आणि मला फार आनंद झाला होता.

पुढच्या मोहिमेचा अर्ज भरायला घेतला आहे. त्यात ८ उत्तर पहिल्या क्रमांकावर. चेन्नईहून थेट गेलं तर सुमारे ६५० सागरी मैल, ६५ तास. पहाटे चारला पोचायचं तर सकाळी अकराला धक्का सोडायला हवा. बंदराकडे तीच वेळ मागितली आहे.