जळक्या वासाची नोंद चालकानेच ठेवावी

मेलबर्नच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या जीप कंपासपैकी कित्येक गाड्या शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत तयार झालेल्या आहेत. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या देशांसाठी तिथून २०१७ पासून निर्यात सुरू झाली आणि ऑस्ट्रेलिया त्यांतल्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. पण इंजिनातून जळका वास येऊ लागला की कुठल्याही कंपनीच्या गाडीची दोन गावांत दोन तऱ्हा होते. शिरूरला किंवा दौंडला चालक वास येताच ओळखीच्या गॅरेजसमोर गाडी उभी करतो. इंजिन तापलेलं असतं, बोनेट उघडलं की मिस्त्री स्वतः वास घेतो आणि मालक शेजारी उभा राहून बघतो. मेलबर्नमध्ये आधी वेळ घ्यावी लागते आणि ती बहुधा काही दिवसांनी मिळते. सकाळी किल्ली देऊन माणूस कामाला जातो, मेकॅनिकपुढे येते ती थंड गाडी. वास केव्हाच उडून गेलेला असतो आणि जॉबकार्डावर ‘इंजिनमधून जळका वास’ एवढीच ओळ उरते. मजुरी तासावर मोजली जाते, त्यामुळे त्या एका ओळीवरून सुरू झालेली शोधाशोध महाग पडते, शिवाय अंदाजाने पार्ट बदलले जातात. म्हणून माझं म्हणणं असं, की परदेशी शहरात दुरुस्ती मेकॅनिकने करावी, पण वासाचा पुरावा चालकानेच गोळा करावा. तो वास घेतलेला माणूस तो एकटाच असतो.

पहिला प्रश्न, वास आपल्याच गाडीचा आहे का? दौंड तालुक्यात ऊसतोडीच्या हंगामात पेटवलेलं पाचट, गुऱ्हाळाच्या चुलवणाचा धूर, कुरकुंभ एमआयडीसीजवळचा रसायनांचा दर्प, यांतलं काहीही एसीच्या झडपेतून आत येतं. मेलबर्नमध्ये हिवाळ्यात घराघरांतल्या लाकडाच्या शेगड्या आणि उन्हाळ्यात दूरचे वणवे हेच काम करतात. हवा आतल्या आत फिरवणारं बटण दाबा, एखादा किलोमीटर पुढे जाऊन थांबा, खाली उतरा आणि गाडीभोवती एक चक्कर मारा. बाहेर वास नसेल आणि आतलाही गेला असेल तर प्रश्न मिटला. असेल तर तो बोनेटपाशी जास्त आहे, चाकापाशी की मागे सायलेन्सरपाशी, हे त्याच वेळी ठरवायला हवं. नाक फार लवकर थकतं. काही मिनिटांत त्याच वासाची सवय होते आणि ‘गेला वाटतं’ असा समज होतो. नुकताच गाडीत बसलेल्या माणसाला विचारावं, त्याचं नाक ताजं असतं.

सर्वांत जास्त आढळतो तो जळक्या ऑइलचा वास. टॅपेट कव्हरचं पॅकिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतं, चिरतं आणि ऑइल झिरपून तापलेल्या एक्झॉस्टवर पडतं. हा वास सिग्नलला थांबल्यावर वाढतो आणि हायवेला लागलं की नाहीसा होतो, कारण वेगात वारा तो मागे घेऊन जातो. म्हणजे वास केव्हा येतो हीच अर्धी तपासणी झाली. इंजिन थंड असताना टॉर्चने कव्हरच्या कडेखाली पाहावं. धूळ चिकटलेला काळा ओलसर ओघळ दिसला की जागा सापडली. मग डिपस्टिकवर पातळी पाहावी आणि दर आठवड्याला पाहत राहावी. आदल्या दिवशी ऑइल बदललं असेल तर सांडलेले थेंब जळत असू शकतात, तो वास एक-दोन फेऱ्यांत संपतो. न संपला तर गळती आहे. कूलंटचा वास निराळा, गरम काकवीसारखा गोडसर. हीटर सतत लागणाऱ्या थंड शहरात तो आधी गाडीच्या आतच येतो. हीटरचा छोटा रेडिएटर डॅशबोर्डमागे असतो, तो गळू लागला की काचेवर तेलकट धुकं धरतं आणि पायाखालची मॅट ओली होते. शिरूर-दौंडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मात्र रेडिएटरला साधं पाणी भरलेलं असतं. पाणी गळालं तर काहीच वास येत नाही, थेट तापमानाचा काटा चढतो. तिकडे गाडी शिकून आलेल्या माणसाला म्हणूनच हा गोड वास ओळखीचा नसतो आणि तो एअर फ्रेशनरचा समजून सोडून दिला जातो. गरम रेडिएटरचं झाकण न उघडण्याचा नियम मात्र दोन्हीकडे एकच.

शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर सरकताना येणारा वास गाडीला विसावा दिल्यावर जातो. सपाट रस्त्यावर इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, तेव्हा क्लच प्लेट संपलेली असते. मेलबर्नजवळचा डँडेनाँगचा डोंगर उतरल्यावर चारही चाकं तापतात. एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापलं असेल, तर तिथला ब्रेक जाम आहे. हात लावू नये, तळहात जवळ नेला तरी कळतं.

यावर आक्षेप येतो, की आजच्या गाड्यांत सेन्सर आहेत, स्कॅनर लावला की सगळं कळतं. स्कॅनर इंधन, ज्वलन आणि धुराच्या यंत्रणेबद्दल पुष्कळ सांगतो. पण एक्झॉस्टवर पडणारा ऑइलचा थेंब, सायलेन्सरला चिकटलेली प्लास्टिकची पिशवी, जाम झालेला ब्रेक किंवा उंदराने इंजिनवर आणून ठेवलेला चारा त्याला दिसत नाही. उलट बाजूही आहे. भारतात एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर सर्रास आला. तो साठलेली काजळी साधारण ६०० अंश सेल्सिअसला जाळून टाकतो. तेव्हा तापल्या लोखंडाचा वास येतो, गाडी बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो आणि बिघाड मात्र काहीच नसतो. फक्त त्या वेळी गाडी वाळक्या गवतावर किंवा पाचटावर उभी करू नये. ऑस्ट्रेलियात अशा तापलेल्या एक्झॉस्टमुळे गवत पेटल्याचे प्रकार झाले आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. अर्धवट माहितीचा मालक मेकॅनिकची दिशाभूल करतो. हे खरं आहे, म्हणून मालकाने निदान सांगूच नये. ‘टर्बो गेलाय’ म्हणून आत शिरणाऱ्याचा टर्बोच आधी उघडला जातो. गाडी गरम होती की थंड, वेग किती, एसी किंवा हीटर चालू होता का, वास कुठे तीव्र होता, अलीकडे काय काम झालं होतं, एवढं लिहून द्यावं आणि पार्ट बदलण्याला होकार देण्याआधी गळतीची जागा दाखवा किंवा फोटो पाठवा, असं म्हणावं. चांगलं गॅरेज याला नाही म्हणत नाही.

वायरीचं प्लास्टिक जळल्याचा किंवा पेट्रोलचा वास आला, किंवा धूर दिसला, तर यांतलं काही करत बसू नका. गाडी डाव्या कडेला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब उभं करा. बोनेट उघडू नका, आत हवा गेली की आग भडकते. मेलबर्नमध्ये असाल तर ०००, भारतात असाल तर ११२ लावा.