दुसरा पडदा

गेल्या पावसाळ्यापासून उजवं बोट थरथरतं. पेंटॅक्स के-१००० कॅमेऱ्याची तळपट्टी काढली की ते लपत नाही. १/१००० सेकंदावर शटरचा दुसरा पडदा पहिल्याला वाटेतच गाठतो आणि फोटोची एक बाजू काळवंडते. पहिल्याचा ताण वाढवावा, तर फट रुंदावून तीच बाजू जास्त उजळते. दुसऱ्याचा सोडावा, तर तो शेवटाला रेंगाळतो. चाळीस वर्षं मी याच केसभर अंतराशी झगडतोय. काही जण पडद्याच्या यंत्रावर स्प्रे मारतात आणि त्याला सर्व्हिस म्हणतात. मला त्याची चीड येते.

२०२४ मध्ये पेंटॅक्स १७ आला. एका गिऱ्हाइकानं आणून दाखवला. हाफ फ्रेम, म्हणजे छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो. शटर लेन्समध्येच, तेही १/३५० पर्यंत. फोकस अंदाजाने, चित्रं बघून लावायचा. अमेरिकेत तेव्हा किंमत ५०० डॉलर. एवढ्या पैशात एवढंच, म्हणून मी नाक मुरडलं. पण रोल ओढायचा खटका बसवताना कंपनीला निवृत्त इंजिनिअरांना विचारावं लागलं, हे कळलं आणि गप्प झालो. के-१००० १९७६ ते १९९७ बनला. साच्यांचा खर्च एवढ्या वर्षांच्या खपावर वाटला गेला, काम जपानातून हाँगकाँग आणि चीनला नेलं, म्हणून तो परवडला. आज तो खप नाही, ते हातही नाहीत. लायकाने २०२२ मध्ये कापडी पडद्यांचा एम६ पुन्हा काढला, तर किंमत पाच हजार डॉलरच्या वर गेली. मला ती महाग वाटत नाही.

नव्या कॅमेऱ्याच्या वाटेत आम्ही दुरुस्तीवालेच उभे आहोत. जुना इतक्या स्वस्तात चालू करून दिला, की नवा कोण घेईल? ‘काकांसारखे पडदे कुणी लावत नाही’ हे ऐकायला मी मजुरी सोडत आलो. शिकायला आलेल्या दोन पोरांना तळपट्टीला हात लावू दिला नाही. दोघं मोबाइल दुरुस्तीत गेले. तो माझा अहंकार होता.

आता एक मुलगी येते. स्क्रू-ड्रायव्हर तिच्याच हातात देतो. काल जुन्या डबा टीव्हीसमोर कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडं ठेवून ती दुपारभर शटर दाबत बसली. संध्याकाळी उजेडाची तिरकी पट्टी दोन्ही टोकांना सारखी दिसली. मी फक्त पाहत होतो.

दिवाळीपासून पडदे जुळवण्याची मजुरी दुप्पट केली आहे. त्यातली निम्मी तिची.