अठ्ठावन्नावा क्रमांक

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लंबगोल मैदानावर खेळला जातो. प्रत्येक संघाचे १८ खेळाडू मैदानात असतात आणि मधल्या झटापटीतून चेंडू मिळवून देणारा तो मिडफिल्डर. आजच्या तरुण मिडफिल्डरांपैकी उद्या सर्वश्रेष्ठ कोण ठरेल, यावर मेलबर्नचे माझे दोन्ही नातू हिरिरीने वाद घालतात. थोरला कॉलिंगवूडच्या निक डेकॉसची बाजू घेतो, तर धाकटा वेस्ट कोस्टच्या हार्ली रीडची. २०२३ च्या खेळाडू-निवडीत रीडला पहिला क्रमांक मिळाला होता, हा धाकट्याचा बिनतोड मुद्दा.

बँकेत कर्जप्रस्ताव तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्या सवयीने मी जुन्या नोंदी चाळल्या. डेन स्वॉन २००१ मध्ये ५८ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०११ मध्ये ब्राउनलो पदकाचा मानकरी ठरला. पंचांनी दिलेल्या मतांवरून ठरणारा हा तेथील फार मोठा वैयक्तिक सन्मान. लॅकी नील २०११ मध्ये निवडला गेला, तोही ५८ वाच. त्याने २०२० व २०२३ असे दोनदा हे पदक मिळविले.

यंदा धाकट्याची शाळेच्या संघात निवड झाली नाही. तेव्हापासून तो सरावालाही जात नव्हता. या नोंदी मी त्याच्यापुढे ठेवल्या. क्रमांक ही केवळ आरंभीची शिल्लक, पुढचा भरणा आपणच करायचा, एवढेच त्याला सांगितले. शनिवारी तो बूट घेऊन सरावाला गेला. रीडच सर्वश्रेष्ठ ठरणार, हे त्याचे मत मात्र कायम आहे.