ब्लॉक

ब्लॉक दिसायला अगदी साधा. ए-फोर आकाराचा, पातळ, मऊ कव्हराचा. कपाटात उभा केला तर कमरेत वाकतो, म्हणून त्याला आडवाच ठेवावा लागतो. पण डब्याच्या पिशवीत तो डब्याशेजारी मुकाट बसतो आणि हलत्या एसटीत मांडीवर उघडा राहतो. नोकरी करणाऱ्या सिस्टरला पुस्तकाकडून एवढंच हवं असतं.

इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, 1985 साली स्थापन झालं. त्याचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम 1994 मध्ये सुरू झाला. बारावीनंतर जीएनएमची पदविका घ्यायची आणि लगेच वॉर्डात उभं राहायचं, ही आमच्यापैकी बहुतेकींची वाट. पदवीसाठी नोकरी सोडून कॉलेजात बसायची ऐपत फार थोड्या घरांत असते. ज्यांना ते जमत नाही त्यांच्या घरी इग्नूचा ब्लॉक, म्हणजे छापील अभ्यासपुस्तिका, पोस्टाने येतो. एकेका विषयाचे अनेक ब्लॉक, एकेका ब्लॉकमध्ये काही युनिट. त्याला पुस्तक असं आमच्यात कुणी म्हणत नाही. 'मॅटर्नलचा दुसरा ब्लॉक तुझ्याकडे राहिलाय का गं?' असंच विचारतात.

त्याच्या स्वभावातली पहिली गोष्ट म्हणजे तो हातचं राखून बोलत नाही. युनिट उघडलं की आधी सांगतो: हे वाचून झाल्यावर तुम्हाला अमुक समजावून सांगता आलं पाहिजे, तमुक ओळखता आलं पाहिजे. काय विचारणार ते पहिल्याच पानावर उघड. मग शिकवायला लागतो. भाषा इंग्रजी, पण वाक्यं लहान, आणि बोलणं थेट तुमच्याशी. पानाच्या कडेला भरपूर जागा मोकळी सोडलेली असते. आमच्यातल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलींनी ती जागा पेन्सिलीने भरून टाकलेली मी पाहिली आहे. अवघड शब्दांचे अर्थ, सोप्या आकृत्या, एके ठिकाणी तर दुधाचा हिशेबसुद्धा.

दोन-तीन पानं झाली की तो थांबतो. चौकट येते, वर लिहिलेलं असतं 'चेक युअर प्रोग्रेस'. खाली प्रश्न आणि प्रश्नाखाली ठिपक्यांच्या रिकाम्या ओळी. थोडक्यात उत्तर हवं असेल तर दोन ओळी, जास्त हवं असेल तर चार-पाच. उत्तरं युनिटच्या शेवटी छापलेली असतात. पान उलटून बघायला कुणाची आडकाठी नाही, तरी आपण आधी लिहावं असं तो धरून चालतो. हा त्याचा विश्वास मला फार मोठा वाटतो. नर्स दिवसभर लिहीतच असते: टीपीआर चार्ट, इनटेक-आउटपुट, रिपोर्ट बुक, इंडेंट. पण ते सगळं पेशंटचं आणि वॉर्डाचं. 'तुम्हाला काय वाटतं ते तुमच्या शब्दांत लिहा' असं म्हणून तिच्यासमोर रिकाम्या ओळी ठेवणारं नोकरीत दुसरं कुणी नसतं.

आणि तो शिकवतो काय? हाताला जे येतं त्यामागचं कारण.

बाळंतपणाच्या वॉर्डातलं एक उदाहरण सांगते. बाळंतिणीची नाडी आणि ब्लडप्रेशर ठराविक वेळाने बघायचं, हे आमच्या अंगात मुरलेलं असतं. रक्तस्राव व्हायला लागला की प्रेशर उतरतं, हेही पाठ असतं. मॅटर्नल हेल्थच्या ब्लॉकने मला त्यातला क्रम दाखवला. तरुण, धडधाकट बाईचं शरीर बराच वेळ प्रेशर सावरून धरतं. रक्तवाहिन्या आकसतात, हृदय जास्त वेगाने धावतं. म्हणजे नाडी आधी वाढते आणि प्रेशर उतरतं ते पुष्कळ रक्त गेल्यावर. नॉर्मल बाळंतपणात 500 मिलीपेक्षा जास्त रक्त गेलं तर तो पोस्टपार्टम हॅमरेज, ही व्याख्या परीक्षेपुरती. कापसात, चादरीत मुरलेलं रक्त कोण मोजून बघतं? नाडी मात्र बोटाखाली असते. हे वाचल्यानंतर काही दिवसांनीच एका बाळंतिणीची नाडी 90, 104, 118 अशी चढत गेली. प्रेशर ठीकच होतं. मी पोटावर हात ठेवला तर गर्भाशय मऊ लागत होतं. डॉक्टरांना बोलावलं आणि ते येईपर्यंत गर्भाशय चोळत राहिले. ऑक्सिटोसिनची ड्रिप लागली, गर्भाशय चेंडूसारखं घट्ट झालं. तिसऱ्या दिवशी ती बाळ घेऊन घरी गेली. नाडी मी त्याआधीही रोजच बघत होते. आता तिच्यामागे काय चाललंय तेही मला दिसत होतं.

नर्सिंग फाउंडेशनच्या ब्लॉकमधून व्हर्जिनिया हेंडरसन भेटल्या. या अमेरिकन परिचारिकेने माणसाच्या मूलभूत गरजांची 14 कलमी यादी केली. श्वास, अन्न, मलमूत्र, झोप, स्वच्छता हे अपेक्षितच. पण त्याच यादीत आपल्या श्रद्धेप्रमाणे उपासना करता येणं आहे, आणि शेवटचं कलम शिकण्याचं, जाणून घेण्याचं आहे. आमच्या मेडिसिन वॉर्डात एक आजी होत्या. हरिपाठ झाल्याशिवाय नाश्त्याला हात लावायच्या नाहीत. त्यांच्या सकाळच्या गोळ्या मी शेवटी द्यायचे आणि तेवढ्यासाठी ट्रॉलीची फेरी उलट्या बाजूने सुरू करायचे. याला मी समजूतदारपणा म्हणत होते. ब्लॉकने सांगितलं की ही शुश्रूषाच आहे, तिचं मूल्यमापन करता येतं, केअर प्लॅनमध्ये ती लिहायला हवी. आपल्या रोजच्या कामाला असा मान मिळाला की कणा ताठ होतो.

त्याला काय येत नाही, हेही सांगायला हवं. त्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. अ‍ॅसिड-बेस बॅलन्सच्या पानावर अडलं की तो तेच वाक्य पुन्हा तितक्याच शांतपणे म्हणतो. अशा वेळी वॉर्डात एखादा चांगला हाऊसमन किंवा जुन्या इनचार्ज सिस्टर गाठायच्या. माझ्या इनचार्ज बाईंनी एबीजीचा, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा, रिपोर्ट पुढे ठेवून कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेटचं नातं दहा मिनिटांत समजावलं. हात कसा धरायचा, सुई कुठल्या कोनात जाते हेही ब्लॉक दाखवू शकत नाही, आणि दाखवतो असा आव आणत नाही. त्यासाठी अभ्यासकेंद्रावर प्रात्यक्षिकं असतात, लॉगबुक असतं, त्यावर सही घ्यावी लागते.

'पोस्टाने शिकलेली सिस्टर' असं हिणवणारे भेटतात तेव्हा मला वाईट वाटतं. सतरा वर्षांच्या मुलीला नुसत्या ब्लॉकवरून इंजेक्शन शिकवलं असतं तर तो गुन्हाच ठरला असता. पण ब्लॉक तिच्याकडे जातच नाही. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी आणि वॉर्डातल्या कामाचा अनुभव असलेल्या बाईकडेच तो येतो. तिचे हात आधीच तयार असतात.

जून आणि डिसेंबर या सत्रान्त परीक्षांच्या महिन्यांत घरोघरी काय चालतं, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. मैत्रिणीशी ड्यूटी बदलून घ्यायची, नाईट करून आलं की दोन तास झोपायचं, सासूबाई भाजी निवडतात तेवढ्यात एक युनिट. असाइनमेंट हातानेच लिहायची, म्हणून घरातल्या एकाच टेबलावर एका बाजूला मुलाचा गृहपाठ आणि दुसऱ्या बाजूला आईचा. परीक्षेत तीन तास सलग लिहायचं असतं. केसपेपरवर चार ओळींची नोंद करणारी बोटं त्याने अवघडतात. ती सवय ठिपक्यांच्या ओळींवरच होते. ज्यांनी त्या कोऱ्या सोडून नुसतं वाचन केलं त्यांना पेपरात शब्द सुचत नाहीत, हे मी माझ्या बरोबरच्या मुलींमध्ये पाहिलं आहे.

परीक्षा झाली की ब्लॉक पुढच्या मुलीकडे जातो. माझ्याकडे आले ते काही आधीच्या सिस्टरचे होते, तिची उत्तरं पेन्सिलीत तशीच होती. 'बेडसोर टाळण्यासाठी काय कराल?' याखाली छापील उत्तरातले मुद्दे तर होतेच, शिवाय तिने लिहिलं होतं, 'नातेवाइकांना कूस बदलायला शिकवणे. रात्री दोन वाजता आपण एकट्याच असतो.' ते छापील उत्तरात नव्हतं. मी ते पुसलं नाही आणि कुशीवर वळवलेल्या पेशंटच्या पाठीमागे उशी कशी द्यायची ते खाली लिहिलं.

आता हेच साहित्य ईज्ञानकोश या इग्नूच्या ऑनलाइन संग्रहावर मिळतं आणि नव्या मुली मोबाईलवर वाचतात. वाचू देत, नाईटहून परतताना लोकलच्या गर्दीत मोबाईलच बरा पडतो. फक्त मी त्यांना सांगते, 'चेक युअर प्रोग्रेस'ची पानं तेवढी प्रिंट काढून घ्या, पेन्सिल घेऊन बसा आणि झाली की माझ्याकडे आणून द्या. मी तपासून देते.