मांजराच्या शोधात

छत्री हरवते, चष्मा हरवतो, यात्रेत क्वचित मूलही हरवते. परंतु मांजर हरवले असे म्हणताना आमची जीभ किंचित अडखळते. मांजर आपल्या मर्जीने घरात येते आणि आपल्या मर्जीने ऊबेची जागा निवडून निजते. मग ते दिसेनासे झाले तर हरवले म्हणावे, की निघून गेले म्हणावे? हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. निघून गेलेल्याचा शोध करावयाचा नसतो. हरवलेल्याचा केल्यावाचून चालत नाही.

आमची मनी ही खरे पाहता आमच्या मातोश्रींची. वडील निवर्तल्यापासून चार वर्षे ती त्यांच्या पायथ्याशी निजत असे. गेल्या नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या सदाशिव पेठेत फटाक्यांचा कडकडाट सुरू झाला आणि तिने सज्जावरून जी उडी टाकली ती पुन्हा दिसली नाही. शेजारधर्म जागा झाला. कुत्रे माणसाला जीव लावते, मांजर घराला, तेव्हा येईल ती आपोआप, असे एका स्नेह्यांनी सांगितले. दुसऱ्यांनी तर नवे पिल्लू आणून देण्याची तयारी दाखविली. मातोश्री यावर काही बोलल्या नाहीत. मात्र त्यांचे जेवण निम्म्यावर आले, आणि रात्री दाराला कडी लावू लागलो की त्या अंथरुणावरून म्हणत, "राहू दे रे अजून थोडा वेळ."

मांजरांच्या शोधाचेही शास्त्र आहे, हे आम्हांस या निमित्ताने समजले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १,२१० हरवलेल्या मांजरांचा वृत्तान्त गोळा केलेला आहे. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश आठवड्याच्या आत मिळाली; आणि जी मिळाली त्यांतली तीनचतुर्थांश निसटल्या जागेपासून पाचशे मीटरांच्या आत होती. काखेत कळसा अन् गावाला वळसा, ही आपली म्हण मांजरांच्या बाबतीत अक्षरशः खरी आहे म्हणावयाची! पाचशे मीटर म्हणजे सहा-सात मिनिटांची वाट. परंतु सदाशिव पेठेतल्या तेवढ्या वाटेत पडके वाडे, नव्या इमारती, त्यांच्या मधले हातभर रुंदीचे बोळ आणि जिन्यांखालचे अंधार यांची मोजदाद कोण करणार?

शिवाय मांजर काही दर्शनी दाराने जात नाही. म्हणून त्याचा शोध घेणाऱ्यासही दारावरच्या पाट्या सोडून घरांच्या मागच्या अंगाला जावे लागते. आमच्या गल्लीची ही पाठ आम्ही तीस वर्षांत पाहिली नव्हती. तेथे मोडके पाळणे होते, बंद पडलेली शिवणयंत्रे होती, आणि पलीकडच्या इमारतीच्या मागे एका खोलीत सहा खाटा टाकून राहणारी सहा मुले होती. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी गावोगावची हजारो मुले या पेठांत येऊन राहतात, हे सर्वांस ठाऊक आहे. गल्लीला मात्र ती त्यांच्या दुचाक्यांमुळे तेवढी ठाऊक. दिवाळी असूनही ही सहाजणे गावी गेलेली नव्हती. आम्ही संकोचाने मांजराची हकीकत सांगितली, तेव्हा त्यांतला एक म्हणाला, "आम्ही रात्री जागेच असतो, सर. बॅटऱ्या घेऊन येतो."

हा मुलगा मराठवाड्यातील एका शेतकऱ्याचा. चार रात्री आमच्या हाका ऐकल्यावर पाचव्या रात्री तो अदबीने म्हणाला, "भ्यालेलं मांजर हाकेला येत नाही, सर. आमच्याकडं कडब्याच्या गंजीत शिरून बसतं. आपण शेजारी उभं राहून ओरडलो तरी गप्प. हाका बंद करा अन् नुसतं बसून राहा."

त्याप्रमाणे दहाच्या सुमारास आम्ही दोघे एका पाडलेल्या वाड्याच्या जोत्यावर बसलो. मध्ये दुधाची वाटी. काही वेळाने त्याच्या खिशातला फोन थरथरला. पडद्यावर 'आई' अशी अक्षरे उमटली. त्याने ती पाहिली आणि फोन पालथा करून दगडावर ठेवला. तो पुन्हा एकदा थरथरला, मग थांबला. "तीन वर्षं झाली," तो आपण होऊनच म्हणाला, "निकालाशिवाय काय सांगायचं?" आम्ही अध्यापनात आयुष्य घालविलेले, अशा वेळी बोलावयाची वाक्ये आमच्यापाशी पुष्कळ असतात. परंतु हाका बंद करण्याचे ठरलेले होते. आम्ही बसून राहिलो.

एक वाजून गेल्यावर वाशांच्या ढिगाखालून काहीतरी खरखरले. त्याने जमिनीलगत बॅटरी धरली. मांजराच्या डोळ्यांच्या तळाशी प्रकाश परतविणारा एक पडदा असतो, त्यामुळे आत दोन हिरवे ठिपके चमकले. आमच्या दारापासून ही जागा फार तर चाळीस पावलांवर होती. मागचा पाय दुखावलेली मनी पाच दिवस आमची प्रत्येक हाक ऐकत तेथे बसली होती. ती हरवली नव्हती, निघूनही गेली नव्हती, भ्याली होती. आम्ही शोधीत असलेला शब्द व्याकरणात नव्हता. मुलगा पोटावर सरपटत आत गेला आणि हाताला दोन ओरखडे घेऊन तिला बाहेर घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी मातोश्रींनी फराळाचा डबा भरून त्या खोलीवर पाठविला. तेव्हापासून तो मुलगा संध्याकाळी कधी कधी मनीला पाहावयास येतो. मातोश्री त्याला शेतातल्या विहिरीचे पाणी विचारतात, बैलांची नावे विचारतात, आई भाकरी कोणत्या पिठाची करते ते विचारतात. परीक्षेविषयी काही विचारीत नाहीत. मागल्या आठवड्यात तो बसलेला असताना फोन थरथरला. तो उठून सज्जात गेला, आणि बराच वेळ कोणाशी तरी हळू आवाजात बोलत उभा राहिला. मातोश्रींनी त्याचा चहा तेवढा झाकून ठेवला.