पूर्णाकाठचे खारे पाणी आणि मुतखडा

अकोल्याहून अकोटच्या रस्त्याने निघाले की गांधीग्रामला पूर्णा नदी लागते. सातपुड्यात उगम पावणारी ही नदी पुढे चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांत काळ्या जमिनीचा जो पट्टा आहे, त्याला खारपाणपट्टा म्हणतात. जमिनीत क्षार साठलेले आणि निचरा मंद, म्हणून विहीर खणली तरी खारेच पाणी लागते. कपाशी, तूर, मूग पिकतात ते पावसाच्या भरवशावर. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र पाणी गोडे लागते व संत्र्याच्या, केळीच्या बागा दिसतात.

या पट्ट्यातील एका खेड्यात आम्ही विहारात उतरलो. वान धरणाचे गोडे पाणी नळाने या भागातील बऱ्याच गावांत आले आहे. पण नळाला खंड पडला की वस्तीला हापशीच. त्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. एक वृद्ध उपासिका म्हणाल्या, "बाप्पा, या पाण्यानं तहान भागत नाई, वाढते."

वंदनेनंतर गप्पा निघाल्या, तेव्हा मुतखड्याची तक्रार घरोघरी ऐकू आली. सगळे दोष पाण्यातील चुन्याला देत होते. कोणी दूध-दही सोडले होते, कोणी मुलांचेही बंद केले होते. आमच्या सोबतच्या डॉक्टर बंधूंनी समजावले, ते सर्वांनी ध्यानात घ्यावे असे आहे.

बहुतेक मुतखडे कॅल्शियम व ऑक्झलेट यांचे असतात. पाणी कमी प्यायल्याने लघवी घट्ट होते आणि हे क्षार खड्याच्या रूपाने साचतात. खारे पाणी तोंडाला लागत नाही, म्हणून माणूस ते कमी पितो. खरे नुकसान इथे आहे. जेवणातील मीठ वाढले की लघवीतून कॅल्शियम अधिक जाते. उलट दूध-दह्यातील कॅल्शियम अन्नातील ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवते. म्हणून दूध तोडू नये. मीठ, लोणचे, पापड आवरावेत.

आमच्या माता-भगिनींचे दुखणे आणखी वेगळे आहे. निंदणाला वावरात गेलेली बाई आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी टाळते, लघवी दाबून ठेवते. मग जळजळ, ताप, पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग. लाजेने ती सांगत नाही. हे दुखणे बाईच्या नशिबाचे नाही, सोय नसल्याचे आहे.

दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. उन्हात राबणाऱ्याने त्याहून जास्त. मात्र अंगावर सूज असेल किंवा मूत्रपिंड बिघडले असेल, तर डॉक्टरांना विचारूनच. अंगदुखीच्या गोळ्या मनाने रोज घेऊ नयेत. मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांनी लघवीतील प्रथिने आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासावे. मूत्रपिंड निकामी होण्याची मोठी कारणे हीच दोन आहेत.

पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते. आपल्या हापशीचा आकडा काय, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. ग्रामपंचायतीमार्फत नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. महिला मंडळाने ग्रामसभेत हा अर्ज द्यावा आणि त्याच अर्जात वस्तीसाठी नळ व बायकांसाठी शौचालय मागावे.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणुसकीच्या हक्कासाठी. पूर्णाकाठच्या आमच्या वस्त्यांना तोच हक्क आज पिण्याजोग्या पाण्याच्या रूपाने मागायचा आहे.

जय भीम!