बाहुकाचे घोडे

महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाच्या कानी येते. स्वयंवर दुसऱ्याच दिवशी, आणि विदर्भ तर शंभर योजने दूर. राजा आपल्या सारथ्याला, म्हणजे बाहुकाच्या रूपाने अज्ञातवासात राहिलेल्या नलाला, घोडे निवडावयास सांगतो. बाहुक निवडतो ते कृश, हाडे दिसणारे घोडे. राजाला राग येतो. हे दुबळे प्राणी एवढी मजल कशी मारणार? बाहुक शांतपणे उत्तर देतो, की हेच घोडे विदर्भास पोहोचतील. आपली निवड निराळी असेल तर ते घोडे जोडतो. पुढे रथ असा धावतो, की वाऱ्याने उडालेले उपरणे उचलण्यासाठी ‘थांब’ असे राजाने म्हणेपर्यंत ते योजनभर मागे पडलेले असते.

ही कथा आम्ही वर्गात अनेकदा सांगितली आहे. पण तिच्यातील घोड्यांच्या पारखीचा खरा अर्थ आम्हांला उमगला तो मोटारगाडीच्या निमित्ताने. शिक्षकी पेशातल्या माणसाला मोटारींच्या वेगाशी काय कर्तव्य, असे वाचकांना वाटेल. कर्तव्य आमचे नव्हे, आमच्या भाच्याचे. तो उद्यमबागेतील एका कारखान्यात यंत्रअभियंता आहे, आणि गेली काही वर्षे त्याला ‘ट्रॅक-डे’चा नाद लागला आहे. शर्यतीसाठी बांधलेल्या बंदिस्त मार्गावर, ठराविक शुल्क भरून, स्वतःची नेहमीची गाडी मनसोक्त वेगाने चालविण्याचा दिवस म्हणजे ट्रॅक-डे. ही शर्यत नव्हे. तेथे क्रमांक नाहीत, पारितोषिक नाही. पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्या असतात, डोक्यावर शिरस्त्राण सक्तीचे असते, आणि पिवळा, लाल, काळा, निळा अशा निशाणांची शिस्त आमच्या शाळेच्या घंटेहूनही कडक असते.

त्यापूर्वी हाच मुलगा पहाटे उठून महामार्गावर गाडी काढीत असे आणि निपाणी किती मिनिटांत गाठली ते मित्रांना सांगत असे. तो परत येईपर्यंत आक्काचा, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीचा, जीव टांगणीला लागलेला असे. ही भीती अनाठायी नव्हती. २०२२ या एका वर्षात आपल्या देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे अपघातांत मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदले गेले. भर बाजारात दंड थोपटणाऱ्याला आपण मवाली म्हणतो. तोच तांबड्या मातीत उतरला, वस्तादाचे ऐकू लागला, की पैलवान ठरतो. वेगाचेही तसेच आहे. त्याला आखाडा हवा. म्हणून या नादाला आम्ही कधी विरोध केला नाही.

आपल्या देशात असे आखाडे मोजकेच. मद्रासेजवळ पूर्वी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत. पुढे श्रीपेरुंबुदुरजवळील इरुंगाट्टुकोट्टै येथे १९९० मध्ये सुमारे पावणेचार किलोमीटरचा कायमचा मार्ग झाला. कोइमतूरजवळ एकवीसशे मीटरचा मार्ग आहे. मारुती ८०० च्या इंजिनावर स्वस्त शर्यतगाड्या घडविणाऱ्या करिवर्धन यांचे नाव त्याला दिले आहे. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथील पाच किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा बुद्ध मार्ग २०११ मध्ये सुरू झाला. आम्हां बेळगावकरांना सोयीचा पहिला. आपल्या गावाला लागून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग, आजचा राष्ट्रीय महामार्ग ४८, तोच पुढे वेल्लोरवरून इरुंगाट्टुकोट्टैला जातो. अंतर सुमारे आठशे किलोमीटर.

हे आठशे किलोमीटर हाच या निवडीचा गाभा होय. श्रीमंतांची शर्यतगाडी ट्रकवर चढून जाते आणि ट्रकवरच परत येते. मध्यमवर्गीयाच्या गाडीला आठशे किलोमीटर जायचे, दिवसभर आखाड्यात घाम गाळायचा आणि पुन्हा आठशे किलोमीटर घरी यायचे. दुसऱ्या दिवशी तिलाच आक्काला डॉक्टरांकडे न्यायचे, आणि सणावाराला चोर्ल्याच्या घाटातून मंगेशीला. वर्षातले चार-पाच दिवस ती वेगाची; उरलेले तीनशेसाठ दिवस ती घराची.

जुनी गाडी काढून नवी घेण्याची वेळ आली तेव्हा भाच्यापुढे तीन पर्याय होते. पहिला, एक उंच, भारदस्त, सोळाशे किलोंची गाडी. इंजिन बलदंड, रूप राजबिंडे. दुसरा, आपल्या चाकणला तयार होणारी फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी. दीड लिटरचे इंजिन, १५० अश्वशक्ती, वजन साडेबाराशे किलोंच्या आसपास. तिसरा, मारुतीची बलेनो आरएस. ही २०१७ मध्ये बाजारात आली आणि आता तयार होत नाही, म्हणजे घेतली तर जुनीच घ्यावी लागणार. इंजिन अवघे एक लिटरचे, १०२ अश्वशक्तीचे; पण वजन साडेनऊशे किलोंच्या घरात, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. पहिली पाहिली की मान वळे. तिसरी रस्त्यावरच्या चारचौघींसारखी. ऋतुपर्ण असता तर त्याने पहिलीच जोडली असती.

भाच्याने आम्हांला एक हिशेब करून दाखविला, तो आम्ही पुढे दहावीच्या मुलांनाही घातला. ताशी १४४ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला ४० मीटर. वळण आले की हा वेग निम्म्यावर आणावा लागतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून वेग निम्मा करताना पाऊण ऊर्जा टाकून द्यावी लागते. चालकासह हजार किलोंच्या गाडीत ही टाकलेली ऊर्जा सहा लाख ज्यूल भरते. एवढ्या उष्णतेत साधारण दोन लिटर पाणी उकळी घेईल, म्हणजे पंधरा-वीस कप चहाचे आधण. आणि तेही जेमतेम तीन सेकंदांत. सोळाशे किलोंच्या गाडीत हेच आधण सव्वातीन लिटरांचे होते. एका फेरीत अशी चार-पाच वळणे, आणि एका पाळीत सात-आठ फेऱ्या. ही सारी उष्णता जाते ती ब्रेकच्या बिडाच्या चकत्यांत. बीड हा पदार्थ बेळगावच्या फौंड्रीवाल्यांना नव्याने सांगायला नको. बीड पुष्कळ सोसते, पण त्याच्या पाठीमागचे ब्रेक ऑइल सोसत नाही.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ प्रतीचे ताजे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषला की त्या प्रतीची हमी १५५ अंशांवर येते. डॉट-३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय दाबावा तर पेडल थेट तळाशी जाते आणि गाडी मात्र पुढेच धावते. शहरातल्या रहदारीत हा प्रसंग सहसा येत नाही. आखाड्यात तिसऱ्या-चौथ्या फेरीत येऊ शकतो. बेळगावच्या चार महिन्यांच्या पावसात भिजलेले तेल तसेच घेऊन तेथे जाणे म्हणजे फुटक्या तळाच्या होडीने नदी ओलांडणे. तात्पर्य, अशा गाडीचा पहिला गुण बळ नव्हे, हलकेपणा. आणि पहिला खर्च इंजिनावर नव्हे, ब्रेकवर. उष्णता सोसणारे ब्रेक पॅड, प्रत्येक खेपेपूर्वी ताजे तेल, आणि चांगले टायर.

टायरचीही एक गंमत आहे. सकाळी थंड टायरमध्ये ३२ पौंड हवा भरली, तर दोन-चार जोरदार फेऱ्यांनंतर तीच ३८-३९ होते, आणि फुगलेल्या टायरची जमिनीवरील पकड घटते. म्हणून पाळी संपली की थोडी हवा सोडायची. आणि घराकडे निघण्यापूर्वी, टायर निवल्यावर, पुन्हा पुरी भरायची. यातला दुसरा भाग जो विसरतो, तो परतीच्या वाटेवर अर्धपोटी घोड्यांनिशी निघालेला असतो.

दुसऱ्या बाजूला घर होते. वेगाच्या नादात पुष्कळजण गाडी खाली बसवून घेतात, स्प्रिंगा ताठ करतात. वळणावर ते उपकारक असेल; पण आपल्या गल्लीबोळांतील गतिरोधकांवर तिचे पोट घासते, आणि गुडघे दुखणाऱ्या आक्काला तिच्यात उतरायचे म्हणजे विहिरीत उतरण्यासारखे. काहीजण आत लोखंडी पिंजरा बसवितात. आखाड्यात शिरस्त्राण घातलेल्या चालकाला तो वाचवितो. रस्त्यावर उघड्या डोक्याच्या माणसाचे कपाळ त्यावरच आपटण्याचा धोका. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार कारखान्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारे बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्टपणे बजावले आहे. म्हणजे जी गाडी मुळातच कामाची आहे तीच निवडावी. मागाहून तोडमोड करून घोड्याचा हरिण करू नये.

आता उरला पैसा. नलाची कथा येथे पुन्हा उपयोगी पडते. नलाला अश्वविद्या येत होती, तरी तो राज्य गमावून बसला. कारण त्याला फाशांचे, म्हणजे संख्येचे ज्ञान नव्हते. त्याच प्रवासात ऋतुपर्णाने बेहड्याच्या झाडाची पाने-फळे नुसत्या नजरेने मोजून दाखविली, ती विद्या नलाला दिली, आणि तेव्हा कुठे कलीने नलाचे शरीर सोडले. वेगाची विद्या पुरेशी नसते. मोजण्याची विद्या लागते.

भाच्याजवळ सहा वर्षांची शिल्लक होती नऊ लाख रुपये. व्हर्टससाठी कर्ज काढावे लागणार होते, आणि आमची खरी चिंता तेथे होती. गाडीच्या नेहमीच्या विम्यात वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांना त्यातून वगळलेले असते. तेव्हा आखाड्याच्या भिंतीवर गाडी आदळली, तर भरपाईची आशा धरून चालणे शहाणपणाचे नव्हे. गाडी जाईल आणि हप्ते राहतील. त्याच शिलकीवर आक्काच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा भार येणार होता. आम्ही भाच्याला एवढेच म्हणालो, “जी गाडी उद्या नाहीशी झाली तरी घराची घडी विस्कटणार नाही, तेवढ्याच किमतीची गाडी आखाड्यात न्यावी.”

तो दोन दिवस गप्प होता. व्हर्टस त्याला मनापासून आवडली होती, आणि गाडी म्हणून ती उणी होती असेही नव्हे. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, “मामा, तुमचे बाहुकाचे घोडेच घेतो.” पहिल्याच मालकाने नीट राखलेली एक बलेनो आरएस त्याला शिलकीच्या निम्म्याहून थोड्या अधिक रकमेत मिळाली. उरलेल्या पैशांतून ब्रेक पॅड, तेल आणि टायर झाले, आणि शस्त्रक्रियेची रक्कम बँकेत तशीच राहिली.

पहिल्या खेपेस आम्हीही बरोबर गेलो होतो. मार्गावर जाण्यापूर्वी गाडीतील सर्व सुट्या वस्तू बाहेर काढाव्या लागतात: पायपुसणी, जॅक, पाण्याच्या बाटल्या. समोर आक्काने ठेवलेला पितळी गणपतीही निघाला. पंधरा मिनिटांची पाळी संपेपर्यंत तो आमच्या मुठीत होता, आणि मूठ घामाने भिजली होती. आमच्या डोळ्यांदेखत दुप्पट बळाच्या, भारदस्त गाड्या सरळ रस्त्यावर भाच्याला सहज मागे टाकीत. पण त्यांतील काही तीन-चार फेऱ्यांतच ब्रेकचा जळका वास सोडीत बाहेर येऊन थांबत. भाचा मात्र आपल्या ठरलेल्या लयीत फेऱ्या पुऱ्या करी, शेवटची फेरी ब्रेक निवावेत म्हणून सावकाश घाली, आणि गाडी उभी केली तरी तापलेल्या चकत्यांवर हातब्रेक ओढीत नसे. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीने, वातानुकूलन चालू ठेवून, आम्ही संध्याकाळपर्यंत बेळगावात आलो. वाटेत तिच्या वेगाचा काटा शंभराच्या पुढे गेला नाही. हौस आखाड्यात फिटलेली होती.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असा तरुण असेल, तर त्याला ‘नको’ म्हणण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही गाडी थांबेल का? ती स्वतःच्या चाकांवर घरी परत येईल का? आणि न आली तर घरचे काय अडेल? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर मुलाला जाऊ द्यावे. तरुणपणी वेग हवासा वाटणे हा गुन्हा नाही. आक्का आता पहाटेची जागी राहत नाही. भाचा मद्रासेला निघाला की पितळी गणपतीला फूल वाहते आणि आपल्या कामाला लागते.